पेन्सिलीने लिहिलेलं नाव

जपानमध्ये मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता केंद्राचं दार उघडतं. रांगेत पहिल्या असलेल्या मतदाराला आधी मतपेटी उघडून दाखवतात. पेटी रिकामी आहे हे त्याने डोळ्यांनी पाहायचं, मग तिला कुलूप लागतं. हा मान आपल्याला मिळावा म्हणून अंधार असतानाच येऊन उभे राहणारे हौशी लोक तिथे आहेत. पण आपल्याकडच्या माणसाला खरं नवल वाटेल ते पुढच्या गोष्टीचं. मतदाराच्या हाती जी मतपत्रिका येते तिच्यावर कोणाही उमेदवाराचं नाव छापलेलं नसतं. चिन्ह नाही, फोटो नाही. फक्त एक रिकामा रकाना. आडोशाच्या टेबलावर पेन्सिल असते, समोर उमेदवारांच्या नावांची यादी चिकटवलेली असते, आणि मतदाराने आपल्या हाताने, आपल्या अक्षरात, एका माणसाचं नाव लिहायचं असतं.

मुंबई-पुण्याएवढीच गजबजलेली, यंत्रांना सरावलेली शहरं असलेल्या देशात आजही कोट्यवधी लोक असंच मत देतात. जपानी राजकारणाबद्दल वाचताना पक्ष, गट, पंतप्रधानांची सतत होणारी अदलाबदल यांत वाचक लवकर हरवतो. मला मात्र या राजकारणाकडे जाणारी सगळ्यात सरळ वाट त्या पेन्सिलीपासून निघते असं वाटतं. मत म्हणजे लिहिलेलं नाव, एवढी एक गोष्ट धरून ठेवली की प्रचारगाड्यांचा गोंगाट का, मंत्र्याचं पद खरबुजांपायी का जातं आणि आजोबांच्या जागेवर नातू का बसतो, हे सगळं हळूहळू उलगडत जातं.

आधी त्या कागदाबद्दल. तो बहुतेक ठिकाणी झाडाच्या लगद्याचा नसतो. पॉलिप्रॉपिलीनपासून बनवलेला ‘युपो’ नावाचा कृत्रिम कागद वापरतात. त्याच्यावर पेन्सिल छान उठते, आणि त्याचा आणखी एक गुण म्हणजे घडी घालून पेटीत टाकला की तो आपोआप पुन्हा उलगडतो. मोजणीच्या टेबलावर पेटी उपडी केली की पत्रिका जवळजवळ सपाट झालेल्या असतात. लाखो घड्या हातांनी उलगडण्याचे कष्ट वाचतात, म्हणून हाताने लिहिलेली मतं असूनही निकाल बहुधा त्याच रात्री लागतो.

अक्षर वाचणं हे मात्र माणसाचंच काम. कायदा सांगतो की पत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखेरीज काही लिहिलं तर मत बाद. नावापुढे ‘सान’ किंवा ‘सामा’ अशी आदराची जोड चालते, हुद्दा किंवा पत्ता लिहिला तरी चालतो. पण प्रेमाने दोन शब्द शुभेच्छांचे लिहिले, एखादं फूल काढलं, की ते मत गेलं. नाव थोडं चुकलं असेल, एखादं अक्षर उलटसुलट झालं असेल, तर मतदाराच्या मनात कोण होतं हे ठरवायला अधिकारी आणि उमेदवारांचे साक्षीदार डोकी एकत्र करून बसतात. ज्याला लिहिता येत नाही, हात चालत नाही, त्याच्यासाठी दोन कर्मचारी असतात. एक सांगेल ते नाव लिहितो, दुसरा ते बरोबर लिहिलं ना हे पाहतो. अंध मतदार ब्रेलमध्ये मत देऊ शकतात आणि ही सोय १९२५ च्या कायद्यापासून आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात ब्रेल मताला जागा होती ही गोष्ट मला मोठी मोलाची वाटते.

याच पद्धतीतून अपूर्णांकातली मतं जन्माला येतात. समजा एकाच गावात साटो आडनावाचे दोन उमेदवार आहेत आणि काही मतदारांनी नुसतं ‘साटो’ लिहिलं. ही मतं फेकून देत नाहीत. दोघांना स्पष्टपणे मिळालेल्या मतांचं जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात ती वाटून टाकतात, दशांश चिन्हाच्या पुढे तीन आकड्यांपर्यंत. त्यामुळे अमुक उमेदवाराला बाराशे पूर्णांक इतके सहस्रांश मतं पडली, असे निकाल जपानी वर्तमानपत्रांत सहज छापून येतात. पक्षाच्या नावाने दिलेल्या मतांतही हा घोळ होतो. २०२१ आणि २०२२ च्या निवडणुकांत दोन वेगळ्या पक्षांनी आपलं संक्षिप्त नाव म्हणून ‘मिन्शुतो’ हेच नोंदवलं होतं. ज्यांनी तेवढंच लिहिलं त्यांची लाखो मतं दोन्ही पक्षांत प्रमाणात वाटली गेली. त्या मतदारांना नेमका कुठला पक्ष हवा होता हे आता कोणालाच कळणार नाही.

१८९० साली जपानमध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा मतदाराला उमेदवाराच्या नावाबरोबर स्वतःचंही नाव लिहून शिक्का मारावा लागे. मत गुप्त नव्हतं, आणि तो हक्कही वर्षाला पंधरा येन कर भरणाऱ्या पुरुषांना, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्क्याला होता. १९०० मध्ये मत गुप्त झालं, मतदाराचं नाव गेलं, उमेदवाराचं तेवढं उरलं. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर असणार हे धरून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी दिली होती. जपानने उलट गृहीत धरलं की मतदार लिहू शकतो. त्या गृहीतकाला पुढे शाळांनी आधार दिला आणि पद्धत घट्ट रुजली.

आता विचार करा. मतदाराने नाव लिहायचं, तर ते त्याच्या डोक्यात आधी बसलेलं असायला हवं. मग उमेदवाराने ते बसवायचं कसं?

इथे जपानचा निवडणूक कायदा मोठा कडक आहे. लोकसभेसारख्या खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत प्रचाराला फक्त बारा दिवस मिळतात. १९५० मध्ये हा काळ तीस दिवसांचा होता, तो कमी होत होत १९९४ मध्ये बारावर आला. अर्ज भरण्याच्या दिवसाआधी ‘मला मत द्या’ असं म्हणणं हाच गुन्हा. घरोघरी जाऊन मतं मागायला बंदी आहे. ही बंदीही १९२५ ची, म्हणजे ज्या कायद्याने पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मताचा हक्क दिला त्याच कायद्याची. सामान्य माणसाच्या दारात उमेदवार गेला की पैशांचा व्यवहार होईल अशी भीती त्या वेळच्या सरकारला वाटली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ही बंदी घटनेला धरूनच असल्याचं एकाहून अधिक वेळा सांगितलं. पोस्टकार्डं किती पाठवायची याची मर्यादा आहे, एकसदस्यीय मतदारसंघातल्या उमेदवाराला पस्तीस हजार. पत्रकांवर अधिकृत चिकटपट्टी लागते. इंटरनेटवरून प्रचाराला परवानगी मिळाली ती २०१३ मध्ये. अनामत रक्कम तीस लाख येन, आपल्या सोळा-सतरा लाख रुपयांच्या घरातली, आणि वैध मतांचा दहावा भाग मिळाला नाही तर ती जप्त. आपल्याकडे लोकसभेला सर्वसाधारण उमेदवाराची अनामत पंचवीस हजार आहे हे लक्षात घेतलं तर नवख्या माणसाची तिथे काय अवस्था होत असेल ते कळतं.

भित्तिपत्रकांसाठी चौकाचौकांत सरकारी फळे उभारतात, प्रत्येक उमेदवाराला क्रमांकाची एक जागा. २०२४ च्या जुलैत टोकियोच्या राज्यपालपदासाठी छप्पन्न जण उभे राहिले आणि फळ्यांवर जागा होत्या अठ्ठेचाळीस. उरलेल्यांची पत्रकं फळ्याच्या कडेला जोडून लावायची वेळ आली. त्याच वेळी एका छोट्या पक्षाने बरेच उमेदवार उभे करून आपल्या वाट्याच्या जागा देणगीदारांना वापरू दिल्या आणि फळ्यांवर निवडणुकीशी काही संबंध नसलेली चित्रं झळकली. लोक संतापले, आणि २०२५ मध्ये पत्रकांच्या सभ्यतेबद्दल कायद्यात नवी तरतूद आली.

आणि प्रचारगाडी. जपानमध्ये राहिलेल्या कोणालाही निवडणुकीबद्दल विचारा, तो आधी या गाडीबद्दल बोलेल. छतावर कर्णे लावलेली गाडी सकाळी आठ ते रात्री आठ गल्लीबोळांतून फिरते. खिडकीतून पांढरे हातमोजे घातलेले हात हलतात आणि एक मुलायम आवाज उमेदवाराचं नाव घेतो, पुन्हा घेतो, पुन्हा घेतो. धोरण नाही, मुद्दा नाही, नुसतं नाव आणि विनंती. परदेशी पत्रकार याला पोरकटपणा म्हणून मोकळे होतात, पण खरं कारण कायद्यात आहे. धावत्या गाडीतून भाषण करायला मनाई आहे. गाडी थांबवून बोलता येतं. चालत्या गाडीतून करता येतं ते एकच, नावाचा पुकारा. त्याला कायद्याच्या भाषेत स्वतंत्र शब्दही आहे, ‘रेन्को’. संध्याकाळी भाजी चिरताना, मुलाला झोपवताना जे नाव दहा वेळा कानावरून गेलं, ते रविवारी पेन्सिल हातात घेतल्यावर आठवेल, हा त्यामागचा हिशेब.

तो आवाज बहुधा बाईचा असतो. तिला ‘उगुइसु-जो’ म्हणतात. उगुइसु हा वसंताची चाहूल देणारा गाणारा पक्षी, आणि जो म्हणजे तरुणी. हे कसबाचं काम आहे. गल्लीत म्हातारी दिसली तर आवाज मऊ करायचा, शेतात हात हलवणाऱ्याला तत्क्षणी ओळखून त्याचे आभार मानायचे, बारा दिवस घसा सांभाळायचा. या कामाचा रोज कायद्याने पंधरा हजार येनांवर बांधलेला आहे. २०१९ मध्ये हिरोशिमातून वरच्या सभागृहावर निवडून आलेल्या कावाई आनरी यांच्या प्रचारात तो दुप्पट दिल्याचं उघड झालं. त्यांचे पती कावाई कात्सुयुकी त्या वेळी न्यायमंत्री झालेले होते, त्यांना पद सोडावं लागलं. तपास पुढे गेला तेव्हा त्याहून मोठी गोष्ट बाहेर आली. मतांसाठी स्थानिक सदस्य आणि समर्थक अशा सुमारे शंभर जणांना पैसे वाटले गेले होते. २०२१ मध्ये माजी न्यायमंत्र्यांना तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. धागा निघाला होता तो पुकारा करणाऱ्या बायकांच्या रोजातून.

बारा दिवसांत नाव रुजत नाही हे प्रत्येक उमेदवार जाणतो. खरं काम आधीच्या वर्षांत होतं आणि ते करणारी यंत्रणा म्हणजे ‘कोएन्काइ’, नेत्याचं समर्थक मंडळ. हे पक्षाचं नसतं, माणसाचं असतं. पक्ष बदलला तरी मंडळ नेत्याबरोबर जातं. त्याची रचना समजून घ्यायची तर १९४७ ते १९९३ या काळातल्या मतदारसंघांकडे पाहावं लागतं. एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच जण निवडून येत, मतदार मात्र एकच नाव लिही. सत्ता टिकवायची तर लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला प्रत्येक ठिकाणी दोन-तीन उमेदवार निवडून आणावे लागत. म्हणजे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्ध. पक्षाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण समोरचाही त्याच पक्षाचा. मग उरलं माणसाचं नाव.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण गुन्मा प्रांताचा तिसरा मतदारसंघ. जागा चार, आणि एकाच वेळी एकाच पक्षाचे तीन दिग्गज तिथे लढत: फुकुदा ताकेओ, नाकासोने यासुहिरो आणि ओबुची केइझो. तिघेही पुढे पंतप्रधान झाले, फुकुदा १९७६ मध्ये, नाकासोने १९८२ मध्ये, ओबुची १९९८ मध्ये. दोन उंच इमारतींच्या मधल्या फटीतलं रामेनचं दुकान, असं ओबुची स्वतःबद्दल सांगत. फुकुदा आणि नाकासोने यांच्या समर्थकांतली चुरस एवढी होती की लोक तिला त्या भागाच्या जुन्या नावावरून युद्धच म्हणत. कोणाच्या कार्यालयात जेवायला काय मिळतं यावरूनही तुलना व्हायची. याच भागातलं ताकासाकी शहर दारुमा बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहे. कागदाच्या लगद्याची, लाल, बिनहातापायांची ही बाहुली डोळे कोरे ठेवून विकतात. नवस बोलताना एक डोळा रंगवायचा, नवस फळला की दुसरा. निवडून आलेला उमेदवार मध्यरात्री कुंचला घेऊन दारुमाचा डोळा रंगवतो, आणि समर्थक हात उंचावून ‘बानझाइ’ म्हणतात, हे दृश्य जपानच्या प्रत्येक निवडणुकीत असतं.

कोएन्काइचं सर्वांत मोठं रूप उभं केलं ते तानाका काकुएइ यांनी. नीगाता हा बर्फाचा मुलूख. हिवाळ्यात गावं महिनोन्‌महिने तुटून जात, पुरुष मजुरीला टोकियोला जात. तानाका तिथल्याच खेड्यातले, फारसं शिक्षण नसलेले, बांधकामाच्या धंद्यातून वर आलेले. त्यांचं मंडळ ‘एत्सुझानकाइ’ १९५३ मध्ये सुरू झालं आणि भरभराटीच्या काळात त्याचे नव्वद हजारांहून अधिक सभासद होते. गावोगावचे कार्यकर्ते रस्ता, पूल, बोगदा यांची मागणी वर पाठवत, टोकियोतल्या मेजिरो भागातल्या त्यांच्या घरी गावकऱ्यांच्या बसेस लागत, आणि काम होई. १९७२ मध्ये ते पंतप्रधान झाले. १९७६ मध्ये लॉकहीड विमान कंपनीकडून पन्नास कोटी येनांची लाच घेतल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. १९८२ मध्ये नीगाताला शिनकानसेन ही वेगवान रेल्वे पोचली. आणि १९८३ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा सुनावली.

दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, निवडणूक झाली. नीगाताच्या बर्फात २,२०,७६१ मतदारांनी आपल्या हाताने तानाकांचं नाव लिहिलं. टोकियोच्या वर्तमानपत्रांनी त्या लोकांना अडाणी ठरवलं. मला तसं म्हणवत नाही. आजारी माणसाला बर्फातून स्लेजवर ओढत नेणाऱ्या गावाला ज्याने बोगदा दिला, त्याचं नाव लिहिताना त्या हाताच्या मनात काय आलं असेल हे आपल्यालाही परकं नाही. पण त्या आकड्यामुळे जपानच्या राजकारणाची जी हानी झाली तीही खरी आहे. शिक्षा झालेला नेता मागे राहून पंतप्रधान ठरवत राहिला, आणि कामं म्हणजे राजकारण, कामाच्या बदल्यात पैसा म्हणजे राजकारण, ही समजूत देशभर घट्ट झाली.

मंडळाचं रोजचं काम मात्र एवढं नाट्यमय नसतं. सहली काढणं, नाटकाला नेणं, वर्षअखेरच्या जेवणावळी, लग्नं आणि मयती. इथेच कायदा पुन्हा आडवा येतो. नेत्याने आपल्या मतदारसंघातल्या माणसाला काहीही भेट द्यायची नाही. जपानमध्ये अंत्यसंस्काराला गेलं की पाकिटात घालून ‘कोदेन’ देण्याची रीत आहे, आपल्याकडे दुःखाच्या घरी काही तरी हातभार लावतात तसं. नेता स्वतः गेला तर त्याला कोदेन देता येतं. सचिवाच्या हातून पाठवलं तर तो नियमभंग. २०१९ मध्ये व्यापारमंत्री सुगावारा इश्शू यांच्या सचिवाने अशा प्रसंगी वीस हजार येनांचं पाकीट दिल्याची बातमी एका साप्ताहिकाने छापली. त्याआधीच मतदारांना खरबुजं आणि खेकडे वाटल्याचे आरोप झाले होते. सुगावारांना राजीनामा द्यावा लागला. २०१४ च्या ऑक्टोबरात तर एकाच दिवशी दोन मंत्री गेल्या. ओबुची युको यांच्या मंडळाने समर्थकांना टोकियोला नाटकाला नेलं होतं आणि त्याच्या जमाखर्चाचे आकडे जुळत नव्हते. मात्सुशिमा मिदोरी यांनी आपलं चित्र छापलेले कागदी पंखे वाटले होते. दांडी असलेला पंखा ही किंमत असलेली वस्तू, की गोल कापलेलं पत्रक, यावर संसदेत गंभीर चर्चा झाली.

ही ओबुची युको म्हणजे पंतप्रधान ओबुची केइझो यांची मुलगी. २००० च्या मे महिन्यात वडील वारले आणि जूनमध्ये, सहा आठवड्यांनी, ती त्यांच्या जागी निवडून आली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. १९६३ मध्ये वडील पहिल्यांदा निवडून आले तेव्हा तेही सव्वीस वर्षांचेच होते, आणि त्यांच्याही आधी त्यांचे वडील खासदार होते.

निवडणूक जिंकायला तीन ‘बान’ लागतात असं जपानी लोक म्हणतात. जिबान म्हणजे पायाखालची जमीन, मतदारसंघातलं ते मंडळ. कानबान म्हणजे दुकानाची पाटी, नावलौकिक. काबान म्हणजे बॅग, पैशाची. तिन्ही वारशाने मिळतात. मंडळातल्या शेकडो माणसांचे संबंध, हितसंबंध, वर्षानुवर्षांच्या ओळखी त्या एका नावाभोवती विणलेल्या असतात. नेता गेला की त्यांना आपसांत नवा माणूस निवडणं अवघड जातं, आणि मुलगा पुढे आला की भांडण मिटतं. मतदाराच्या बाजूनेही तेच. हात ज्या नावाला सरावलेला आहे ते नाव लिहिणं सोपं. आबे शिन्झो हे पंतप्रधान किशी नोबुसुके यांच्या मुलीचे चिरंजीव. आसो तारो हे योशिदा शिगेरू यांचे नातू. फुकुदा ताकेओंचा मुलगा यासुओ २००७ मध्ये पंतप्रधान झाला आणि नातू आज संसदेत आहे. नाकासोनेंचा मुलगा मंत्री झाला, नातू खासदार. योकोसुकाच्या कोइझुमी घराण्यात मुलगा नव्हता तेव्हा सासऱ्यांनंतर जावई आला, पण त्याने आडनाव त्यांचंच घेतलं. त्या जावयाचा मुलगा जुनइचिरो २००१ मध्ये पंतप्रधान झाला, आणि २००९ पासून चौथ्या पिढीतला शिन्जिरो त्याच जागेवर आहे. पाटी टिकायला हवी तर तिच्यावरचं अक्षर बदलून कसं चालेल?

१९९४ मध्ये मोठी सुधारणा झाली. आदल्या वर्षी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची १९५५ पासूनची सलग सत्ता पहिल्यांदा गेली होती आणि विरोधकांच्या आघाडीने जुनी बहुसदस्यीय पद्धत मोडली. आज खालच्या सभागृहात २८९ जागा एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि १७६ पक्षांच्या प्रमाणात भरतात. त्याच सुधारणेत पेन्सिलीलाही निरोप दिला होता. छापील नावांपुढे खूण करायची असं कायद्यात लिहिलं गेलं. पण त्या पद्धतीने खालच्या सभागृहाची एकही निवडणूक व्हायच्या आत, १९९५ मध्ये, खासदारांनी तो बदल मागे घेतला आणि हाताने लिहिणं परत आणलं. ज्यांची नावं लोकांच्या हातात बसलेली होती तेच हा निर्णय घेत होते. मला या सगळ्या कथेत खटकणारी जागा ही. कारण छापील पत्रिका जपानला जमत नाही असं नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशीच मतदाराला दुसरी एक पत्रिका देतात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची. तिच्यावर नावं छापलेली असतात, आणि जो नको त्याच्या नावावर फुली मारायची असते. आजवर एकही न्यायाधीश त्यामुळे गेलेला नाही.

मतदान यंत्रांचं पाऊलही अडखळलं. २००२ मध्ये ओकायामातल्या नीमी गावाने ती पहिल्यांदा वापरली. पुढच्या वर्षी गिफू प्रांतातल्या कानी शहरात मतदान चालू असताना यंत्रणा तापून बंद पडली, लोक रांगेतून परत गेले, आणि अखेर न्यायालयाने ती सबंध निवडणूकच रद्द केली. त्यानंतर गावांनी हळूहळू हा विषय बाजूला ठेवला. २०२४ च्या डिसेंबरात ओसाकाजवळच्या शिजोनावाते शहराने पुन्हा धाडस केलं.

पत्रिकेवर किती नावं लिहायची यानेही काय फरक पडतो, हे एकदाच दिसलं. १० एप्रिल १९४६. युद्ध हरलेल्या, जळालेल्या देशात बायका पहिल्यांदा मतदान करत होत्या. त्या एका निवडणुकीत मतदारसंघ प्रांताएवढे मोठे होते आणि मतदार दोन, मोठ्या ठिकाणी तीन नावं लिहू शकत होता. पहिलं नाव गावच्या ओळखीच्या पुरुषाचं लिहिलं तरी दुसऱ्या ओळीत जागा उरत होती. त्या जागेत लोकांनी बायकांची नावं लिहिली. एकोणचाळीस स्त्रिया निवडून आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा एकच नाव लिहायची पद्धत आली आणि संख्या पंधरावर घसरली. एकोणचाळीसचा आकडा ओलांडायला २००५ साल उजाडावं लागलं. २०२४ मध्ये ४६५ पैकी ७३ स्त्रिया निवडून आल्या, आणि तो उच्चांक ठरला.

स्त्रीसाठी नावाची अडचण आणखी एक आहे. जपानी कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं लागतं, आणि जवळपास पंच्याण्णव टक्के जोडप्यांत बायको आपलं सोडते. दहा वर्षं घासून लोकांच्या हातात बसवलेलं नाव लग्नाच्या नोंदणीबरोबर कागदोपत्री नाहीसं होतं. निवडणुकीत रूढ नाव वापरायची परवानगी आयोगाकडून मिळते, म्हणून अनेकजणी माहेरच्या नावाने लढतात. २०२५ च्या ऑक्टोबरात जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या ताकाइची सानाए यांचं २००४ ते २०१७ या काळातलं कायदेशीर आडनाव यामामोतो होतं. मतपत्रिकांवर लोक लिहीत होते ते ताकाइची. २०२१ मध्ये त्यांनी त्याच पतीशी पुन्हा लग्न केलं तेव्हा त्यांच्या नव्हे, पतीच्या नावाची पाटी बदलली.

रूढ नावाच्या याच सवलतीने एक मराठी माणूसही तिथल्या पत्रिकेवर पोचला. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा प्रभाग आहे. त्यातल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रातून जपानला गेलेले आणि २०१२ मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक २०१९ च्या एप्रिलमध्ये तिथल्या प्रभाग सभेसाठी उभे राहिले. वडिलोपार्जित मंडळ नाही, घराण्याची पाटी नाही. भारतीय वस्तीतल्या बहुतेकांना मताचा हक्क नाही, कारण ते जपानी नागरिक नाहीत. म्हणजे मतं द्यायची ती शेजारच्या जपानी आजी-आजोबांनी, आयांनी, दुकानदारांनी. ‘योगेंद्र पुराणिक’ हे त्यांनी पेन्सिलीने कसं लिहावं? जपानी लिपीत ते लांबलचक होतं, ऐकलेलं नसतं, चुकायला दहा जागा. त्यांनी नोंदवलेलं नाव दोनच अक्षरांचं होतं, पहिलीतलं मूलही लिहील अशा हिरागाना लिपीतलं: यो आणि गी. मतमोजणीत ही दोन अक्षरं ६,४७७ पत्रिकांवर निघाली, आणि निवडून आलेल्यांत ते पाचवे होते.